‘साठवण’ या संकल्पनेची चिकित्सा : किरणोत्सारी काल्यातील वायुधारणा, ढवळण्याचा उपाय आणि आपले विज्ञानलेखन

गोषवारा : किरणोत्सारी टाकाऊ पदार्थांविषयीच्या आपल्याकडील लेखनात ‘साठवण’ हा शब्द बहुधा अंतिम उत्तरासारखा वापरला जातो. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची चिकित्सा केली आहे. अमेरिकेतील हॅनफर्ड येथील टाक्यांमध्ये वायू कसा अडकतो, तो उसळून कसा बाहेर पडतो आणि ढवळण्याचा उपाय कोठे पुरा व कोठे अपुरा पडला याचा आढावा घेऊन ट्रॉम्बे-तारापूर येथील पद्धतीशी त्याची तुलना केली आहे. साठवलेला काला ही निपचित पडलेली वस्तू नसून चालू असलेली क्रिया आहे, आणि हे सांगण्यासाठी लागणारे शब्द मराठीत पूर्वीपासून आहेत, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : किरणोत्सारी काला, वायुधारणा, ढवळणे, हॅनफर्ड, काचीकरण, विज्ञानलेखन.

१. प्रास्ताविक

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरींच्या अभ्यासासाठी ‘लायगो-इंडिया’ हा प्रकल्प उभा राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये त्याला तत्त्वतः मान्यता दिली व एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास अंतिम मंजुरी दिली. तेव्हापासून जिल्ह्यातील महाविद्यालयांत या विषयावर व्याख्याने होतात, भित्तिपत्रके लागतात आणि ‘हॅनफर्ड’ हे नाव विद्यार्थ्यांच्या परिचयाचे झाले आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहरींची पहिली नोंद ज्या दोन वेधशाळांनी केली, त्यांपैकी एक अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील हॅनफर्ड येथे आहे. औंढा येथे बसवावयाच्या शोधकाचे महत्त्वाचे भागही मुळात हॅनफर्ड येथील दुसऱ्या शोधकासाठी तयार झाले होते. त्या अर्थाने हॅनफर्ड हे आपल्या प्रकल्पाचे माहेर म्हणावे लागेल.

परंतु या माहेराची दुसरी बाजू आपल्या व्याख्यानांत क्वचितच येते. वेधशाळा ज्या विस्तीर्ण सरकारी भूभागावर उभी आहे, तेथे १९४३ पासून अण्वस्त्रांसाठी प्लुटोनियम तयार करण्यात आले. नागासाकीवर टाकलेल्या बॉम्बमधील प्लुटोनियम तेथलेच होते. त्या उद्योगातून उरलेला सुमारे ५.६ कोटी गॅलन, म्हणजे साधारणपणे २१ कोटी लिटर, किरणोत्सारी द्रव, गाळ व क्षार १७७ भूमिगत टाक्यांमध्ये साठवण्यात आला. आकाशगंगांच्या पलीकडून आलेला सूक्ष्म कंप टिपणारे यंत्र आणि स्वतःच्या पोटात वायू धरून ठेवणाऱ्या टाक्या एकाच माळरानावर आहेत.

येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे नमूद केली पाहिजे. लायगो-इंडिया प्रकल्पात अणुभट्टी नाही, किरणोत्सारी इंधन नाही आणि त्यातून असा कोणताही टाकाऊ पदार्थ निर्माण होत नाही. प्रकल्प अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत असल्यामुळे ‘येथेही काही पुरणार आहेत काय?’ असा प्रश्न वर्गात येतो. त्याचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. तथापि प्रश्न विचारणारा विद्यार्थी पुढे जेव्हा ‘मग जेथे साठवतात, तेथे तो नुसता पडून असतो काय?’ असे विचारतो, तेव्हा आपल्या मराठी वाचनसामग्रीत त्याला देण्याजोगे फारसे काही सापडत नाही. प्रस्तुत लेखाचा उगम या अडचणीत आहे.

२. ‘कचरा’ आणि ‘साठवण’ : शब्दांची अडचण

‘अणुकचरा’ हा शब्द आता मराठीत रुळला आहे. परंतु ‘कचरा’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर झाडून गोळा करता येणारी, कोरडी, निर्जीव वस्तू येते. प्रत्यक्षात इंधनाच्या पुनर्प्रक्रियेतून जो पदार्थ प्रथम बाहेर पडतो, तो द्रव असतो. पुढे त्यात घन कण तयार होतात, काही तळाशी बसतात, काही वर तरंगतात. त्याचे रूप कचऱ्यापेक्षा काल्याच्या अधिक जवळ आहे. शेण पाण्यात कालवून ‘शेणकाला’ करतात, हे ग्रामीण भागातील प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून प्रस्तुत लेखात घन कण व द्रव यांच्या अशा दाट मिश्रणासाठी ‘काला’ हा शब्द वापरला आहे. शालेय पुस्तकांतील ‘निलंबन’ हा शब्द शास्त्रदृष्ट्या चुकीचा नाही, परंतु तो उच्चारताच वाचकाला द्रवाऐवजी एखादा कर्मचारी आठवतो.

दुसरा शब्द ‘साठवण’. त्यात एक आश्वासन आहे. साठवले म्हणजे सुरक्षित ठेवले, आता त्याकडे पाहण्याची गरज उरली नाही, असा भाव त्यातून ध्वनित होतो. मात्र हा भाव आपल्या कृषिपरंपरेशी सुसंगत नाही. मराठवाड्यात ज्वारी पेवात साठवीत. सांगलीजवळील हरिपूर येथे हळदीची पेवे प्रसिद्ध होती. हिंगोली जिल्हाही हळदीचा, आणि वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले, त्यामुळे हळदीची साठवण हा आपल्याकडे पुस्तकी विषय नाही. पेव उघडल्यावर जाणता माणूस लगेच आत उतरत नसे. आतील माल श्वसन करतो, हवेतील प्राणवायू संपतो आणि गुदमरवणारा वायू तळाशी साचतो, याचे अनुभवसिद्ध ज्ञान त्याला होते. पेव काही काळ उघडे ठेवून मगच माणूस आत सोडला जाई. साठवलेली वस्तू बंद जागेतही काहीतरी करीत असते, हे तत्त्व त्या कृतीत होते. आपले आधुनिक विज्ञानलेखन नेमके हे तत्त्व विसरते.

३. टाकीच्या आत : साका, निवळ आणि साय

हॅनफर्ड येथील १७७ टाक्यांपैकी १४९ एकपदरी व २८ दुपदरी आहेत. बहुतेक टाक्यांचे अस्तर साध्या कार्बन पोलादाचे आहे. पुनर्प्रक्रियेतून येणारा द्रव नायट्रिक आम्लयुक्त असतो आणि असे आम्ल साध्या पोलादाला खाऊन टाकते. म्हणून त्यात कॉस्टिक सोडा घालून तो अल्कधर्मी करण्यात आला. टाकीचा खर्च वाचला, परंतु आतील पदार्थाचे रूप बदलले. आम्लात विरघळलेले लोह, ॲल्युमिनियम इत्यादी धातू हायड्रॉक्साइडांच्या रूपाने साकळले व तळाशी बसले. जागा वाचवण्यासाठी पाणी आटवले गेले, तेव्हा सोडियम नायट्रेट व नायट्राइटचे स्फटिक तयार झाले. आज ज्याला आपण समस्या म्हणतो, तिची बीजे ‘साठवण स्वस्त व्हावी’ या निर्णयात होती.

या टाक्यांपैकी १०१-एसवाय या नावाने ओळखली जाणारी दुपदरी टाकी विशेष अभ्यासली गेली आहे. तिची धारणक्षमता दहा लाख गॅलनांहून अधिक, म्हणजे चाळीस लाख लिटरच्या घरात आहे. तीत तीन थर तयार झाले होते. तळाशी घन कणांचा दाट थर, त्यावर क्षारयुक्त द्रव आणि सर्वांत वर घट्ट पापुद्रा. आपल्या स्वयंपाकघरात या तिन्ही गोष्टींना नावे आहेत : साका, निवळ आणि साय. पाण्यात कालवलेले पीठ ठेवून दिल्यास साका खाली बसतो व वर निवळ येते. दूध तापवून ठेवल्यास साय धरते. परिभाषेतील जड संस्कृत शब्दांपेक्षा हे शब्द अधिक नेमके आहेत, कारण ते केवळ थर सांगत नाहीत, तर थर कसा तयार झाला तेही सांगतात.

आता वायूविषयी. किरणोत्साराच्या ऊर्जेने पाण्याचे रेणू फुटतात व हायड्रोजन तयार होतो. याशिवाय पुनर्प्रक्रियेत वापरलेली काही सेंद्रिय रसायने टाकीत उतरलेली असतात. उष्णता, किरणोत्सार आणि नायट्राइट व ॲल्युमिनेट यांच्या सान्निध्यात त्यांचे विघटन होऊन हायड्रोजन, नायट्रस ऑक्साइड, नायट्रोजन व अमोनिया बाहेर पडतात. हायड्रोजन हवेत सुमारे चार टक्के झाला की ज्वालाग्राही ठरतो. नायट्रस ऑक्साइड स्वतः ज्वलनास मदत करतो. याचा अर्थ असा की अडकलेल्या बुडबुड्यात जळणारा वायू आणि जाळण्यास साहाय्य करणारा वायू शेजारी-शेजारी असतात. बाहेरची हवा आत आली नाही म्हणून धोका टळला, असे येथे म्हणता येत नाही.

४. वायू अडकतो कसा आणि सुटतो कसा?

वायू निर्माण होणे ही अर्धी गोष्ट झाली. तो निर्माण होताच हळूहळू वर येऊन निघून गेला असता, तर टाकीच्या वायुवीजनाने प्रश्न सुटला असता. अडचण वायू धरून ठेवण्याची आहे. साका हा ना पूर्ण द्रव, ना पूर्ण घन. त्याला हलवण्यासाठी काही किमान जोर लागतो आणि त्याहून कमी जोर लावल्यास तो जागचा हलत नाही. लहान बुडबुड्याच्या उद्धरणाचा जोर या मर्यादेखाली राहिला, तर बुडबुडा तेथेच अडकतो. मऊ व बारीक कणांच्या साक्यात तो कणांना बाजूला सारून गोलसर वाढतो. भरड कणांच्या थरात तो कणांना न हलवता त्यांमधील फटींतून फांद्यांसारखा पसरतो. एकात साक्याची ताकद त्याला धरते, दुसऱ्यात कणांमधील द्रवाचा केशाकर्षी ताण.

पिठले चुलीवर ठेवणाऱ्या गृहिणीला या यंत्रणेचा अर्धा भाग ठाऊक असतो. पाणी उकळते, पण पिठले फदफदते. पाण्यातील वाफ मुकाट वर जाते. दाट पिठल्यात ती अडते, फुगवटा धरते आणि मग फुटून हातावर चटका देते. आपल्या भाषेने या दोन क्रियांसाठी दोन वेगळी क्रियापदे ठेवली आहेत, त्यामागे निरीक्षण आहे.

१०१-एसवाय टाकीत हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर घडत होती. तळच्या साक्यात वायू साचत गेला की त्याची सरासरी घनता कमी होई. एका क्षणी साक्याचा मोठा लपका वरच्या निवळीपेक्षा हलका होई, भोवतालच्या थराची पकड तोडून वर उसळे आणि वर येताना दाब कमी झाल्याने त्यातील वायू प्रसरण पावून एकदम मोकळा होई. टाकीतील पातळी काही महिने चढत राही व उसळीनंतर झपाट्याने उतरे. ही घटना साधारणपणे तीन-चार महिन्यांच्या अंतराने घडे. तेथील कर्मचाऱ्यांनी तिला दिलेले नाव ‘ढेकर’ या अर्थाचेच होते. काही उसळ्यांत टाकीच्या वरच्या पोकळीतील हायड्रोजन ज्वालाग्राही मर्यादेच्या जवळपास किंवा तिच्यापलीकडे गेल्याने चिंता वाढली. नोव्हेंबर १९९० मध्ये अमेरिकी संसदेने कायदा करून अशा टाक्यांची स्वतंत्र निगराणी यादी करण्यास भाग पाडले.

येथे समीक्षकाने थांबून एक प्रश्न विचारला पाहिजे. टाकी १९७७ ते १९८० या काळात भरली गेली आणि पातळीचे चढउतार त्यानंतर नोंदले जात होते. मग एवढी वर्षे त्यांचा अर्थ का लावला गेला नाही? कारण पातळीची नोंद ‘टाकी गळते आहे काय?’ या प्रश्नासाठी ठेवली जात होती. गळतीची चिंता रास्तच होती, कारण एकपदरी टाक्यांपैकी ६७ टाक्या गळलेल्या किंवा गळल्याचा संशय असलेल्या मानल्या गेल्या आहेत. परंतु पातळी उतरली तर गळती, चढली तर काय, या दुसऱ्या शक्यतेसाठी चौकशीची चौकट तयार नव्हती. लक्ष भांड्याकडे होते, भांड्यातील पदार्थाकडे नव्हते. ‘साठवण’ या संकल्पनेचा हा मूलभूत दोष होय.

५. ढवळण्याचा उपाय आणि त्याच्या मर्यादा

उपाय शोधला गेला तो ढवळण्याचा. जुलै १९९३ मध्ये या टाकीत एक मोठा पंप उतरवण्यात आला. तळाजवळ जोरदार धारा सोडून साका सतत मोकळा ठेवायचा, म्हणजे वायू थोडा-थोडा सुटत राहील व एकदम उसळणार नाही, अशी कल्पना होती. आठवड्यातून काही वेळा थोडा वेळ पंप चालवणे पुरेसे ठरले. मोठ्या उसळ्या थांबल्या. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हे यश होते व ते तसेच नोंदले पाहिजे.

तथापि कथा येथे संपत नाही. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात टाकीची पातळी पुन्हा चढू लागली. या वेळी वायू तळच्या साक्यात नव्हता, तो वरच्या सायीत व तिच्या खालच्या फेसकट थरात अडकत होता. तळातील वायुधारणा मोडली, तेव्हा वायूने दुसरी जागा शोधली. अखेर डिसेंबर १९९९ ते मार्च २००० या काळात टाकीतील काला टप्प्याटप्प्याने काढून शेजारच्या टाकीत नेण्यात आला व त्याऐवजी पाणी घालण्यात आले. क्षार विरघळले, साका व साय दोन्ही क्षीण झाले आणि जानेवारी २००१ मध्ये ही टाकी निगराणी यादीतून वगळण्यात आली.

या घटनाक्रमातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की ढवळण्याने काल्याची रचना तात्पुरती विस्कटते, परंतु रचना धरण्याचा त्याचा स्वभाव जात नाही. स्वभाव बदलला तो विरघळवण्याने. दुसरा असा की विरघळवण्याचीही किंमत असते. पाणी घातले की आकारमान वाढते, आणि दुपदरी टाक्यांतील मोकळी जागा ही हॅनफर्डची सर्वांत दुर्मीळ संपत्ती आहे. पाणी आटवल्यामुळे जी समस्या वाढली, तिचा उपाय पुन्हा पाणी घालण्यात सापडावा, यातील उपरोध सहज लक्षात येतो.

हाच प्रश्न पुढे अधिक कठीण रूपात उभा राहिला. हा काला काचेत बंदिस्त करण्यासाठी हॅनफर्ड येथे २००२ मध्ये प्रचंड प्रकल्पाचे बांधकाम सुरू झाले. त्यातील काही पात्रे अशा कोठड्यांत बसवायची होती, जेथे एकदा काम सुरू झाल्यावर माणूस दुरुस्तीसाठी पुन्हा कधीच जाऊ शकणार नाही. म्हणून हलणारा एकही भाग नसलेली ढवळण्याची पद्धत निवडली गेली. हवेच्या दाबाने काला नळीत ओढायचा आणि धारेने परत फेकायचा. परंतु दाट काल्यात धारेच्या आसपासचा भागच हलतो व उरलेला जागच्या जागी राहतो. न हललेल्या भागात वायू साचतो आणि प्लुटोनियमचे जड कण तळाशी एकत्र येऊ शकतात. लहान पात्रातील प्रयोगावरून मोठ्या पात्राचे वर्तन सांगता येते काय, हाही वाद होता. प्रकल्पाच्या संशोधन-तंत्रज्ञान विभागाचे प्रमुख वॉल्टर तामोसायटिस यांनी २०१० मध्ये असे आक्षेप मांडले. त्यांना प्रकल्पावरून दूर करण्यात आले, आणि त्याविषयीचा न्यायालयीन वाद २०१५ मध्ये तडजोडीने मिटला. डिसेंबर २०१० मध्ये तेथील अण्वस्त्र-आस्थापना सुरक्षा मंडळाने ढवळण्याच्या पद्धतीची मोठ्या प्रमाणावर चाचणी घेण्याची औपचारिक शिफारस केली. २०१२ मध्ये त्या इमारतीचे काम थांबवावे लागले. २०२५ मध्ये कमी किरणोत्सारी द्रवाचे काचीकरण सुरू झाले, ते त्या अडकलेल्या इमारतीला वळसा घालून.

प्रयोगांसंबंधी एक बाब आपल्या भागातील वाचकाला विशेष वाटेल. खऱ्या काल्याला हात लावता येत नसल्याने संशोधकांनी चिनी माती व बेंटोनाइट यांचा चिखल वापरला आणि त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड घालून बुडबुडे निर्माण केले. बेंटोनाइटमधील मुख्य खनिज आणि आपल्या काळ्या कापसाच्या जमिनीतील चिकणमातीचे खनिज एकाच कुळातले. स्थिर राहिली की घट्ट होणारी व हलवली की सैल पडणारी ही माती आपण पावसाळ्यात रोज तुडवतो. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळीत हा चिखल व थोडे पेरॉक्साइड घेऊन वायुधारणेचे प्रात्यक्षिक दाखवणे अवघड नाही.

६. शेणकाल्याची उपमा कोठवर चालते?

गोबरगॅस संयंत्राची आठवण येथे अपरिहार्य आहे. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने प्रसारित केलेल्या तरंगत्या टाकीच्या संयंत्रात शेण व पाणी समप्रमाणात कालवतात. काला फार पातळ झाल्यास काडीकचरा वर येऊन साय धरते व जड भाग खाली बसतो. फार दाट झाल्यास वायू मोकळा होत नाही. म्हणून त्या लोखंडी टाकीच्या आत आडव्या पट्ट्या जोडलेल्या असतात. टाकी हाताने गोल फिरवली की साय मोडते. हॅनफर्डच्या पंपामागील तत्त्व आणि या पट्ट्यांमागील तत्त्व यांत फरक नाही.

मात्र उपमेच्या आहारी जाणे योग्य नव्हे. गोबरगॅसमध्ये वायू हवा असतो, येथे तो नको असतो. तेथे वायू सूक्ष्मजीव निर्माण करतात व शेण घालणे थांबवले की क्रिया मंदावते. येथे किरणोत्साराचा झरा कोणाच्या सांगण्यावरून थांबत नाही, सीझियम-१३७ चा केवळ निम्मा ऱ्हास होण्यास तीस वर्षे लागतात. मिथेनला जळण्यास बाहेरची हवा लागते, येथे ऑक्सिकारक आतच आहे. आणि सर्वांत मोठा भेद असा की गोबरगॅसची टाकी उघडून पाहता येते. किरणोत्सारी टाकी उघडून पाहता येत नाही, तिचे वर्तन पातळी, तापमान व वायूचे प्रमाण यांच्या आकड्यांतूनच ओळखावे लागते. म्हणजेच मोजमाप हाच तेथे डोळा आहे.

७. ट्रॉम्बे आणि तारापूर : वाट वेगळी, प्रश्न तोच

भारतात पुनर्प्रक्रियेचा आरंभ १९६४ मध्ये ट्रॉम्बे येथे झाला. पुढे १९७० च्या दशकात तारापूर येथे पुनर्प्रक्रिया संयंत्र उभारले गेले. दोन्ही ठिकाणे महाराष्ट्रात आहेत, त्यामुळे हा विषय मराठी वाचकाला दूरचा मानता येणार नाही. भारतीय पद्धतीत एक महत्त्वाचा भेद आहे. उच्च किरणोत्सारी द्रव अल्कधर्मी न करता आम्लरूपातच, गंजरोधक पोलादाच्या टाक्यांत ठेवण्यात येतो. त्यामुळे हॅनफर्डप्रमाणे साक्याचे डोंगर तयार होत नाहीत. त्यानंतर द्रव आटवून, बोरोसिलिकेट काचेत वितळवून तो घनरूप केला जातो. देशातील पहिले काचीकरण संयंत्र तारापूर येथे १९८५ मध्ये व त्यानंतर ट्रॉम्बे येथील २००२ मध्ये कार्यान्वित झाले. ट्रॉम्बे येथील जुन्या द्रवात सल्फेटचे प्रमाण अधिक असल्याने त्यासाठी बेरियमयुक्त काच विकसित करण्यात आली. साठलेल्या अल्कधर्मी मध्यम किरणोत्सारी द्रवातील सीझियम वेगळे करण्यासाठी विशेष राळ वापरली गेली. सीझियम काचेच्या पेन्सिलींच्या रूपात घडवून रक्तपिशव्यांवर किरण सोडणाऱ्या उपकरणांत त्याचा उपयोगही करण्यात आला आहे. ही कामगिरी मोलाची आहे आणि मराठीत तिच्याविषयी लिहिले जाते ते योग्यच आहे.

आक्षेप आहे तो या लेखनाच्या क्रमावर. आपल्या लोकप्रिय लेखांतून अणुभट्टी, पुनर्प्रक्रिया आणि काच असे तीन टप्पे सलग येतात. मधली टाकी गाळली जाते. वस्तुतः द्रव काच होण्यापूर्वी वर्षानुवर्षे टाकीत राहू शकतो. आम्लातही किरणोत्साराने हायड्रोजन निर्माण होतो, म्हणून टाकीच्या पोकळीतून हवा खेळती ठेवावी लागते व ती गाळून सोडावी लागते. घन कण पूर्णपणे टळत नाहीत. थंडावा अखंड लागतो. हे काम रोज, डोळ्यांत तेल घालून, कोणीतरी करीत असते. टाकी गाळल्याने त्या माणसांचे श्रमही वाचकाच्या दृष्टीआड होतात.

टाकी नजरेआड झाल्यास काय होते, याची दोन उदाहरणे पुरेत. २९ सप्टेंबर १९५७ रोजी तत्कालीन सोव्हिएत संघातील मायाक येथे एका टाकीची शीतन व्यवस्था बंद पडली, आतील द्रव आटला, नायट्रेट व ॲसिटेट क्षार तापले आणि स्फोट झाला. त्याची कारणमीमांसा हॅनफर्डच्या उसळीहून वेगळी आहे, परंतु ‘ठेवून दिले म्हणजे झाले’ ही वृत्ती तीच. दुसरे उदाहरण आपल्या देशातील. २१ जानेवारी २००३ रोजी कल्पक्कम येथील पुनर्प्रक्रिया संयंत्राच्या टाकी-विभागात झडप निकामी होऊन उच्च किरणोत्सारी द्रव कमी किरणोत्सारी द्रवाच्या टाकीत शिरला. त्या जागी किरणोत्सारमापक बसवलेला नव्हता. नमुना घेण्यास गेलेल्या कर्मचाऱ्यांसह सहा जणांना मर्यादेपेक्षा अधिक मात्रा मिळाली. तेथे भांडे फुटले नव्हते, पदार्थ नको तेथे गेला होता आणि तो पाहणारा डोळा नव्हता.

मराठी विज्ञानलेखनाची परंपरा समृद्ध आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने तिला संघटित रूप दिले, आणि जयंत नारळीकरांसारख्या लेखकांनी आकाश सामान्य वाचकाच्या अंगणात आणले. परंतु आकाशाविषयी लिहिण्यात जो आत्मविश्वास आपण कमावला, तो टाकी, नळ, झडप व साका यांविषयी लिहिताना दिसत नाही. याची एक बाजू गोपनीयतेची आहे. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याच्या चौकटीत या क्षेत्रातील माहितीवर दीर्घकाळ निर्बंध राहत आले. तथापि सगळा दोष कायद्यावर टाकता येणार नाही. वायुधारणेचे भौतिकशास्त्र गुप्त नाही. ते पिठल्यात आहे, शेणकाल्यात आहे, काळ्या मातीत आहे. ते मराठीत न येण्याचे कारण आपली उदासीनता हेच होय.

८. समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१) किरणोत्सारी काल्याची साठवण ही अवस्था नसून क्रिया आहे. वायू निर्माण होणे, अडकणे व सुटणे हे तीन टप्पे स्वतंत्रपणे तपासल्याशिवाय ‘सुरक्षित साठवण’ हा शब्दप्रयोग सिद्ध होत नाही.

२) ढवळणे हा उपयुक्त परंतु सशर्त उपाय आहे. तो वायूची जागा बदलू शकतो, काल्याचा स्वभाव बदलत नाही. संपूर्ण पात्र हलते की केवळ धारेभोवतीचा भाग, हा त्याबाबतचा निर्णायक प्रश्न आहे.

३) आरंभीचा स्वस्त निर्णय पुढील पिढ्यांच्या माथी महाग पडतो. हॅनफर्डने आम्लाऐवजी अल्क निवडले. भारताने आम्ल व गंजरोधक पोलाद निवडून ती चूक बऱ्याच अंशी टाळली, परंतु निगराणीची जबाबदारी त्यामुळे संपत नाही.

४) साका, निवळ, साय, काला, फदफदणे हे शब्द या विषयाच्या अध्यापनात निःसंकोचपणे वापरावेत. ते ग्राम्य नाहीत, नेमके आहेत.

आपल्या जिल्ह्यातील विद्यार्थी उद्या औंढ्याच्या वेधशाळेत काम करतील, काही तारापूर वा कल्पक्कमलाही जातील. त्यांना आपण ‘टाकी किती मजबूत आहे?’ एवढाच प्रश्न शिकवला, तर शिक्षण अपुरे राहील. आत काय चालले आहे, ते कोण मोजतो आणि ते मोजमाप कोणाकोणाला पाहावयास मिळते, हे तीन प्रश्न त्यांच्या ओठी असले पाहिजेत. पेव उघडून थोडा वेळ बाहेर थांबणाऱ्या शेतकऱ्याला हे प्रश्न कोणी शिकवले नव्हते. त्याने ते साठवणीकडूनच शिकून घेतले होते. आपल्याला ते वर्गात शिकवता आले, तर पुरे आहे.